मध्यम रणगाडा आणि इतिहासातील ‘जर-तर’

१

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, हे वचन इतिहासाच्या अध्यापनात इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्यामागील युक्तिवाद तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः हा प्रश्न मनात आणल्यावाचून इतिहासाचा वाचक राहत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय घडले असते, याचा विचार महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी केला आहे. आणि जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्याच कल्पनेला विज्ञानकथेचे रूप दिले आहे. इंग्लंडमध्ये जी. एम. ट्रेव्हेल्यन यांनी १९०७ मध्ये, नेपोलियनने वॉटर्लूची लढाई जिंकली असती तर, या विषयावर निबंध लिहिला. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या अशाच निबंधांच्या संग्रहात विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकन यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईविषयी लिहिले. याउलट ई. एच. कार यांनी १९६१ मधील आपल्या व्याख्यानांत या प्रकाराची संभावना घरबसल्या खेळण्याचा खेळ अशी केली.

या कल्पनाविलासाची एक अलीकडील शाखा युद्धयंत्रांची आहे. पर्यायी इतिहासाच्या कादंबऱ्यांत आणि खेळांत कल्पित युद्धांसाठी कल्पित रणगाडे रचले जातात. एका राष्ट्राची तोफ, दुसऱ्याचे तिरपे चिलखत आणि तिसऱ्याचे इंजिन एकत्र आणून बनविलेला हा मध्यम रणगाडा कागदावर निर्दोष असतो. त्याला ओतशाळेत वाट पाहावी लागत नाही, बंदरातील यारीच्या क्षमतेशी त्याला कर्तव्य नसते, आणि नदीवरचा तात्पुरता पूल त्याच्या भाराने खचत नाही. करमणुकीच्या वाङ्मयात हे चालण्यासारखे आहे. तथापि हीच विचारपद्धती जेव्हा प्रत्यक्ष इतिहासलेखनात शिरते आणि तिच्या आधारे माणसांच्या मृत्यूची जबाबदारी ठरविली जाऊ लागते, तेव्हा तिची परीक्षा करणे प्राप्त होते.

अशा परीक्षेला योग्य उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचा ‘शर्मन’ हा मध्यम रणगाडा आणि त्याच्या जागी जो वेळेवर आला नाही तो ‘पर्शिंग’ रणगाडा. अमेरिकेच्या तिसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये शस्त्रास्त्र-दुरुस्तीचे काम केलेले अधिकारी बेल्टन कूपर यांनी १९९८ मध्ये ‘डेथ ट्रॅप्स’ या नावाने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या डिव्हिजनने २३२ शर्मन घेऊन लढाईत प्रवेश केला. पुढे ६४८ शर्मन संपूर्ण नष्ट झाले व आणखी ७०० निकामी होऊन दुरुस्त करावे लागले, असे त्यांनी नमूद केले. जळालेले रणगाडे धुऊनपुसून पुन्हा उभे करणे, हे त्यांच्या खात्याचे नित्याचे काम होते. पर्शिंग वेळेवर आला असता तर ही मनुष्यहानी टळली असती आणि युद्धही लवकर संपले असते, असे कूपर यांचे प्रतिपादन असून, विलंबाचा दोष त्यांनी जनरल जॉर्ज पॅटन यांच्या माथी मारला. पॅटन यांच्यावरील हा आरोप पुढील अभ्यासकांनी अमान्य केला आहे. मात्र आरोप गळून पडला तरी त्यामागील ‘जर’ कायम राहतो. तो कितपत टिकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

२

शर्मनचा जन्म घाईत झाला. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला तेव्हा अमेरिकेपाशी युरोपीय रणभूमीला साजेसा एकही मध्यम रणगाडा नव्हता. ७५ मिलिमीटरची तोफ पेलू शकेल असा मोठा फिरता बुरूज तयार करण्याचा अनुभव तेथील कारखान्यांना अद्याप आला नव्हता. म्हणून तात्पुरता उपाय म्हणून ‘एम-३’ हा रणगाडा काढण्यात आला. त्याची मोठी तोफ बुरजात नसून धडाच्या उजव्या अंगाला बसविलेली होती. हा ‘ली’ व ‘ग्रँट’ या दोन नावांनी ओळखला जाणारा रणगाडा मे १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील गझालाच्या लढाईत उतरला. त्याचेच चक्रपथ व यंत्रणा ठेवून वर ७५ मिलिमीटर तोफेचा फिरता बुरूज बसविलेला रणगाडा ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘एम-४’ म्हणून मुक्रर झाला व फेब्रुवारी १९४२ पासून कारखान्यांतून बाहेर पडू लागला. अमेरिकन यादवी युद्धातील सेनानी विल्यम शर्मन यांचे नाव त्याला ब्रिटिशांनी दिले.

जून १९४२ मध्ये तोब्रुक पडल्याची वार्ता आली तेव्हा चर्चिल वॉशिंग्टनमध्ये होते. रूझवेल्ट यांनी त्यांना मदत देऊ केली आणि सुमारे ३०० शर्मन इजिप्तकडे रवाना झाले. ऑक्टोबर १९४२ मधील एल अलामेनच्या लढाईत ते प्रथम वापरले गेले. त्या वेळी जर्मनांपाशी असलेल्या बहुतेक रणगाड्यांशी तो निःसंशय बरोबरी करू शकत होता. हीच गोष्ट पुढील चुकीचे मूळ ठरली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शर्मनच्या निर्मितीत आगगाडीची इंजिने, डबे आणि मोटारी बनविणारे कारखाने गुंतले होते. एकाच तऱ्हेचे इंजिन पुरेशा संख्येने मिळेना, म्हणून विमानाचे वर्तुळाकार इंजिन, दोन डिझेल इंजिनांची जोडी, फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन, इतकेच नव्हे तर पाच मोटारइंजिने एकत्र जोडून केलेले तीस सिलिंडरांचे यंत्रही त्यात बसविण्यात आले. एकंदर ४९,००० हून अधिक शर्मन तयार झाले. त्यांपैकी सुमारे १७,००० ब्रिटनला आणि ४,००० हून अधिक सोव्हिएत संघाला मिळाले. याच्या तुलनेत जर्मनीचे ‘पँथर’ सुमारे ६,००० होते.

या रणगाड्याचे वजन तीस ते तेहतीस टनांच्या आसपास राहिले, ते अपघाताने नव्हे. जर्मन रणगाडा कारखान्यातून आगगाडीने आघाडीपर्यंत जात असे. अमेरिकन रणगाड्याला प्रथम आगगाडीने बंदर गाठावे लागे, यारीने जहाजात चढावे लागे, अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागर ओलांडावा लागे, पुन्हा उतरावे लागे, आणि त्यानंतर लष्कराच्या तरंगत्या पुलांवरून नद्या पार कराव्या लागत. या पुलांची रुंदी व वाहनक्षमता ठरलेली होती. रणगाड्याचे वजन दहा टनांनी वाढविणे म्हणजे पूल, जहाजांची मांडणी, वाहून नेणारे गाडे आणि दुरुस्तीची साधने ही सर्व साखळी बदलणे होय. कल्पित रणगाड्याच्या रचनाकाराला जे तपशील कंटाळवाणे वाटतात, त्यांनीच प्रत्यक्ष रणगाड्याचा आकार ठरविला होता.

३

तरीही १९४३ पासून एक प्रश्न खुला होता आणि तो अमेरिकन सैन्याच्या वरिष्ठ वर्तुळात प्रत्यक्ष विचारला गेला. यामुळेच या प्रकरणातील ‘जर’ केवळ कल्पनाविलास ठरत नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये युरोपातील अमेरिकन सैन्याचे प्रमुख जेकब डेव्हर्स यांनी ९० मिलिमीटर तोफेच्या ‘टी-२६’ या नव्या रणगाड्यांची, म्हणजेच पुढील पर्शिंगची, २५० इतक्या संख्येने मागणी केली. भूसेनेच्या प्रशिक्षण व संघटनेचे प्रमुख लेस्ली मॅकनेअर यांनी तीस विरोध केला. शत्रूच्या रणगाड्यांशी लढणे हे रणगाड्यांचे मुख्य काम नव्हे; त्यासाठी वेगवान तोफगाड्यांची स्वतंत्र दले आहेत, आणि रणगाड्याने पायदळाला साह्य करून शत्रूची फळी फोडावी व पिछाडीत घुसावे, असा त्यांचा सिद्धांत होता. शिवाय आघाडीवरून निकडीची मागणी आल्याखेरीज नवे यंत्र महासागरापलीकडे पाठवू नये, असा त्यांचा आग्रह होता. डिसेंबर १९४३ मध्ये सरसेनापती जॉर्ज मार्शल यांनी डेव्हर्स यांच्या बाजूने निर्णय दिला.

मॅकनेअर यांच्या सिद्धांताचा पूर्वार्ध अनुभवाला धरून होता. रणगाड्यांना बहुतेक वेळा शत्रूचे पायदळ, मशीनगनची ठाणी व तोफा यांच्याशीच सामना द्यावा लागे आणि या कामी शर्मनच्या ७५ मिलिमीटर तोफेचा स्फोटक गोळा उत्तम होता. चूक उत्तरार्धात होती. शत्रूचे रणगाडे केवळ आपल्या तोफगाड्यांच्याच वाट्याला यावेत, अशी व्यवस्था शत्रू करून देत नाही. नॉर्मंडीत जून १९४४ पासून शर्मनची गाठ पँथरशी पडली तेव्हा समोरून मारलेला ७५ मिलिमीटरचा गोळा पँथरच्या पुढील चिलखताला भेदू शकेना, आणि पँथरची तोफ मात्र शर्मनला लांबूनच भेदू लागली. मॅकनेअर स्वतः २५ जुलै १९४४ रोजी नॉर्मंडीत अमेरिकन विमानांच्याच चुकलेल्या बाँबवर्षावात मृत्युमुखी पडले. त्यामुळे आपल्या सिद्धांताचा अंतिम हिशेब त्यांना द्यावा लागला नाही.

येथपर्यंतचा वृत्तान्त कूपर यांच्या बाजूचा वाटतो. परंतु पुढील प्रश्न असा की, निर्णय होऊनही पर्शिंग कधी तयार झाला? त्याचे ठोक उत्पादन नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झाले. त्या महिन्यात दहा आणि डिसेंबरमध्ये तीस रणगाडे तयार झाले. मार्शल यांच्या अनुमतीनंतर जवळजवळ एक वर्ष गेले ते कोणा एकाच्या विरोधामुळे नव्हे. रचनेतील दोष, पारेषणयंत्रणेविषयीचे मतभेद आणि चालू उत्पादन न थांबविण्याची निकड यांत ते गेले. या मालिकेतील ‘टी-२३’ नावाच्या मध्यम रणगाड्यात विद्युत-पारेषण बसविले होते. असे सुमारे अडीचशे रणगाडे बांधले गेले, पण एकही लढाईत उतरला नाही. त्याच्या बुरजाचे बैठकवलय शर्मनच्याच मापाचे असल्यामुळे तो बुरूज ७६ मिलिमीटर तोफेसह शर्मनवर बसविता आला. अशा रीतीने जो रणगाडा लढला नाही, त्याचा निम्मा भाग जुन्या रणगाड्याच्या अंगावर बसून लढाईत गेला.

पहिले वीस पर्शिंग जानेवारी १९४५ मध्ये अँटवर्प बंदरात उतरले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस लढाईत आले. ७ मार्च १९४५ रोजी ऱ्हाइन नदीवरील रेमागनचा पूल अखंड हाती लागला तेव्हा पश्चिम तीरावरून मारा करण्यात पर्शिंगांचा वाटा होता. परंतु स्फोटाने खिळखिळ्या झालेल्या त्या पुलावरून रात्री पलीकडे गेले ते शर्मन. एकेचाळीस टनांच्या पर्शिंगांना काही दिवसांनी तराफ्यांवरून उतरवून न्यावे लागले. ऱ्हाइनपलीकडील पहिल्या रात्री पायदळाच्या मदतीला जो रणगाडा पोहोचला, तो पुलाला पेलवेल असा होता.

पर्शिंगची दुसरी परीक्षा कोरियात झाली. १९५० च्या उन्हाळ्यात तेथे आलेल्या पर्शिंगांनी उत्तर कोरियाच्या ‘टी-३४’ रणगाड्यांचा समाचार घेतला, याविषयी शंका नाही. पण त्याचे इंजिन शर्मनमधील फोर्ड इंजिनाचेच भावंड होते. दहा टनांनी अधिक वजन घेऊन डोंगराळ वाटा चढताना ते अपुरे पडू लागले व बिघाड वाढले. १९५१ मध्ये पर्शिंग मागे घेतले गेले. सुधारलेले शर्मन मात्र त्या युद्धात राहिले.

४

अन्य राष्ट्रांचा अनुभव याला पुष्टी देतो. जुलै १९४३ मध्ये कुर्स्क येथे जर्मनीने सुमारे २०० पँथर प्रथमच लढाईत उतरविले. तोफ आणि चिलखत या दृष्टींनी तो त्या काळचा श्रेष्ठ मध्यम रणगाडा होता, तरीही यांत्रिक बिघाड, सुरुंग आणि शत्रूचा मारा यांमुळे काही दिवसांतच त्यांतील बहुसंख्य निकामी झाले. मूळ आराखड्यापेक्षा वाढलेले वजन त्याच्या अंतिम दंतचक्रांना पेलले नाही. युद्धानंतर काही पँथर वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याच्या १९४७ च्या अहवालात या दंतचक्रांचे सरासरी आयुष्य सुमारे १५० किलोमीटर असल्याचे नमूद आहे.

सोव्हिएत संघाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘टी-३४’चे दोष तेथील अधिकाऱ्यांना युद्धापूर्वीच ठाऊक होते. बुरजात दोघांचीच जागा असल्याने नायकालाच तोफ चालवावी लागे. हे दोष दूर करणारा ‘टी-३४ एम’ हा रणगाडा १९४१ मध्ये मान्य झाला होता. जून १९४१ मध्ये जर्मन आक्रमण झाले, कारखाने उरल पर्वताकडे हलवावे लागले आणि नव्या रणगाड्याचा विचार सोडून देण्यात आला. १९४३ मध्ये जाड चिलखताचा ‘टी-४३’ तयार झाला. परंतु त्यासाठी चालू उत्पादन खंडित करावे लागले असते, म्हणून तोही नाकारण्यात आला. त्याऐवजी जुन्याच धडावर तिघांचा बुरूज आणि ८५ मिलिमीटरची तोफ चढवून १९४४ च्या आरंभी नवा ‘टी-३४’ आघाडीवर पाठविण्यात आला. ज्या राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता, त्यानेही उत्तम परंतु दूरच्या रणगाड्यापेक्षा पुरेसा आणि हाती असलेला रणगाडा पत्करला.

एकाच यंत्राचे मूल्य रणभूमीगणिक कसे बदलते, हे ब्रह्मदेशातील मोहिमेवरून दिसते. पश्चिम युरोपात कालबाह्य ठरलेला ‘ली’ रणगाडा १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळील नुनशिगुम टेकडीच्या तीव्र चढणीवर डोग्रा पायदळाबरोबर चढला आणि जपान्यांची खंदकबंद ठाणी त्याने जवळून फोडली. फेब्रुवारी १९४५ मध्ये २५५ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडचे शर्मन इरावती नदीवरून तराफ्यांनी उतरविण्यात आले. प्रोबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही भारतीय रिसाल्याची जुनी पथके या ब्रिगेडमध्ये होती. सतराव्या भारतीय डिव्हिजनसह या रणगाड्यांनी मेक्तिलावर झेप घेतली आणि मार्चच्या आरंभी ते रसदकेंद्र जपान्यांच्या हातून गेले. शर्मनच्या चिलखताला भेदू शकतील अशा तोफा जपान्यांपाशी थोड्याच होत्या. खड्ड्यात विमानाचा बाँब घेऊन बसलेल्या सैनिकांवर त्यांना विसंबावे लागले. ज्या रणगाड्याला नॉर्मंडीत मृत्यूचा सापळा म्हटले गेले, तोच इरावतीच्या पलीकडे निर्णायक ठरला. तराफ्यावर मावेल इतकेच त्याचे वजन असणे, हे तेथे चिलखताच्या जाडीइतकेच महत्त्वाचे होते.

५

वरील विवेचनावरून ‘जर-तर’चा प्रश्न त्याज्य ठरतो असे नाही. तो कोणत्या अटींवर ग्राह्य ठरतो, एवढे मात्र त्यातून निश्चित होते. पहिली अट अशी की, सुचविलेला पर्याय त्या काळच्या निर्णयकर्त्यांपुढे प्रत्यक्ष असला पाहिजे. दुसरी अशी की, तो पर्याय स्वीकारताना काय गमवावे लागले असते, हेही हिशेबात धरले पाहिजे. पर्शिंगच्या प्रत्येक तुकडीमागे काही शर्मन, काही जहाजांतील जागा आणि काही पूल कमी झाले असते. तिसरी अट अशी की, शत्रू स्वस्थ बसला असता असे गृहीत धरता कामा नये. कल्पित रणगाडा या तिन्ही अटींतून सुटका करून घेतो, आणि म्हणूनच तो अजिंक्य दिसतो.

या अटी शर्मनला लावून पाहता मोठा ‘जर’ दुबळा ठरतो; १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पर्शिंगांची फौज उतरणे शक्य कोटीतील नव्हते. परंतु त्याच्या मागे झाकून गेलेले काही छोटे ‘जर’ तिन्ही अटींना उतरतात. ७६ मिलिमीटर तोफेचे शंभराहून अधिक शर्मन १९४४ च्या वसंतात इंग्लंडमध्ये येऊन पडले होते. नवे यंत्र व नवा दारूगोळा यांचा घोळ नको म्हणून अमेरिकन सेनानींनी ते नॉर्मंडीच्या स्वारीत घेतले नाहीत, आणि जुलैच्या अखेरीस ते प्रथम लढाईत आले. ब्रिटिशांनी मात्र आपल्या सतरा पौंडी तोफेचे शर्मन स्वारीच्या पहिल्या दिवसापासून जवळ बाळगले होते. साधारणतः चार रणगाड्यांच्या तुकडीत असा एक असे.

दुसरा छोटा ‘जर’ याहून महत्त्वाचा आहे. शर्मन पेट घेत असे तो मुख्यतः दोन्ही अंगांना ठेवलेल्या दारूगोळ्यामुळे, पेट्रोलमुळे नव्हे. गोळे रणगाड्याच्या तळाशी, पाण्याने वेढलेल्या पेट्यांत ठेवण्याची पद्धत १९४४ च्या आरंभापासून नव्या शर्मनमध्ये आली. अमेरिकन सैन्याच्या १९४५ च्या पाहणीत जुन्या पद्धतीचे भेदले गेलेले ६० ते ८० टक्के शर्मन पेटल्याचे आढळले. नव्या पद्धतीत हेच प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. या सुधारणेस नवा कारखाना, नवे जहाज किंवा नवा पूल लागला नाही. दारूगोळ्याचा धोका १९४३ मध्येच ओळखला जाऊन रणगाड्यांच्या अंगावर जादा पत्रे जोडले जात होते. ही मांडणी एक वर्ष आधी आली असती तर नॉर्मंडीतील कित्येक जवान जळत्या रणगाड्यातून जिवंत बाहेर पडले असते, हे विधान पर्शिंगविषयीच्या कोणत्याही विधानापेक्षा अधिक भक्कम पायावर उभे आहे.

जळालेल्या रणगाड्यांचा हिशेब मागण्याचा कूपर यांचा हक्क कोणीही नाकारू शकत नाही. परंतु तो हिशेब न आलेल्या महान यंत्राच्या नावावर मांडला, म्हणजे खरे उत्तरदायित्व निसटून जाते. ज्या चुका सुधारणे शक्य होते, त्या बहुधा लहान, कंटाळवाण्या आणि मांडणीच्या तपशिलातील असतात. नव्या रणगाड्याच्या चित्रासारख्या त्या डोळ्यांत भरत नाहीत. न झालेल्या गोष्टींचा विचार करताना इतिहासकाराने प्रथम हे पाहावे की, अमुक दिवशी, अमुक माणसाच्या हातात, नेमके काय बदलण्याचे सामर्थ्य होते. तेवढ्या मर्यादेत विचारलेला ‘जर’ हा इतिहासाचाच भाग होय.